काळ्यातून खरवडलेला दरबार

चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये छापलेले पुणे दरबाराचे चित्र जवळून पाहावे. शनिवारवाड्यातला दरबार, पगड्यांची दाटी, मधोमध कोवळा पेशवा सवाई माधवराव आणि त्याच्यापुढे १७९० च्या तहाचा कागद घेऊन आलेला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. हे मेझोटिंट आहे. म्हणजे तांब्याचा पत्रा आधी सगळा खरबरीत करायचा, तो छापला तर निव्वळ काळोख उमटतो, आणि मग जिथे उजेड हवा तेवढाच भाग खरवडून गुळगुळीत करायचा. कोणावर उजेड पाडायचा हे खरवडणाऱ्याच्या हाती.

मूळ चित्र जेम्स वेल्सने आरंभले. तो मुंबईत उतरला १७९१ मध्ये, तह होऊन गेल्यावर. १७९५ मध्ये तो वारला आणि थॉमस डॅनियलने इंग्लंडात ते पुरे केले. मॅलेटने पुढे वेल्सच्याच मुलीशी लग्न केले, तेव्हा चित्र घरचेच म्हणा! सफाई अव्वल आहे, पण तहामागचा हिशेब त्यात शोधूनही सापडत नाही. टिपूशी ज्या लढाईसाठी हा तह झाला तिच्यावर व्यंगचित्रकार गिलरेने १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसची फटफजिती काढली: साहेब पळताहेत आणि टिपू तटावरून त्यांच्यावर लघवी करतोय. लंडनला स्वतःच्या सेनापतीचे वाभाडे काढता येत होते. आम्हाला आमच्या भाऊबंदकीचेही काढता आले नाहीत.

विषयांची वानवा नव्हती. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादा १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी करार करतात. १७७७ मध्ये कारभारी नाना फडणवीस फ्रेंचांच्या सेंट लुबिनला पुण्यात ठेवून घेतात आणि इंग्रज अस्वस्थ होतात. घरात दोन तट, दोघांच्या दारी एकेक टोपीकर. व्यंगचित्रकाराला आणखी काय हवे?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चित्रशाळेने १८७८ पासून शिळाछापावर नाना आणि माधवराव घरोघरी पोचवले, तेही देवांच्या तसबिरींच्या पंगतीला बसवून. परक्या राजवटीत ते धाडसच होते, हे मान्य. पण भिंतीवर चढलेल्या नानांना मग कोण चिमटा काढणार? पुढे पुण्याच्या व्यंगचित्राची रेघ तयार झाली ती वेगळ्या अंगाने. शि. द. फडणीसांचे निःशब्द हास्य, मंगेश तेंडुलकरांची वाहतुकीवरची चित्रे. दोन्ही मला प्रिय आहेत. पेशवाईचे भांडण मात्र त्यांच्या वाटेवर नव्हते.

२५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष सरता सरता ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या पदरात जाऊन पडला. लढाईचा दिवस दिवाळीचा होता. व्यंगचित्रांशिवाय ज्या शहराचा दिवाळी अंक निघत नाही, त्याच्याकडे त्या दिवाळीचे एकही नाही.