घरपोच मनस्ताप

मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. कुठलंही सुख दिसलं की आधी त्याच्या दोन बाजू पाडतो: जमा आणि नावे.

ऑनलाइन खरेदीची जमा बाजू भक्कम आहे, कबूल. पूर्वी हिंगोलीत न मिळणाऱ्या वस्तूसाठी नांदेडची एस.टी. धरावी लागे. आता रात्री अकराला लुंगीवर बसून बाजार करता येतो.

आता नावे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कौतुकात सौ.नं ती ऑनलाइन मागवली. आमच्याच जिल्ह्यातली हळद, पण आली भिवंडीच्या गोदामातून! आमच्यापेक्षा जास्त प्रवास तिचा झाला.

हे हसण्यावारी गेलं. पण आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला, तो आला मनगटाचा. तक्रार केली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच अगदी वेळेत आली. आई मात्र पुढचे पंधरा दिवस भिंत धरून चालली.

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. चाळीस रुपये वाचवायला त्यालाच टाळलं होतं मी.

"मोठा झाला तर उद्या बदलून न्या," तो म्हणाला. "पैशाचं पगार झाल्यावर बघू. अन् काय हो, मावशी बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत?"

ही चौकशी कुठल्या खात्यात जमा करायची, ते आम्हांला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.