‘स्मृतिचित्रे’तील रोजचे दिवस

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राची थोरवी आता कोणी नाकारीत नाही. तथापि त्याविषयीचे कौतुक बहुधा भोळेपणा आणि विनोद या दोन गुणांपाशीच थांबते. हे दोन्ही गुण ग्रंथात आहेतच. परंतु घटनांचे लहानमोठेपण ठरविण्याचे लेखिकेचे जे स्वतंत्र मान आहे, ते त्यामुळे दृष्टिआड होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या ग्रंथात सनावळी थोडी आणि दिवस फार. घरातील जिन्नस संपला, पाहुणे आले, मूल आजारी पडले, नवरा रागावून निघून गेला व पुन्हा आला, अशा चढउतारांनी तेथला काळ मोजला जातो. माहेरच्या प्रकरणांतच याची खूण पटते. वडिलांचे सोवळे म्हणजे बाजारातून आलेला जिन्नसही धुऊन घेण्याचे सोवळे. १८५७ नंतरच्या धरपकडीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याशी लेखिका या सोवळ्याचा संबंध जोडते. राज्यक्रांतीचा आघात असा एका घराच्या स्वयंपाकघरात येऊन पोचतो, आणि मुलांना तो ओल्या धान्याच्या रूपाने कळतो. इतिहासाकडे पाहण्याची ही रीत भोळी कशी म्हणावी?

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. चरित्रकाराच्या दृष्टीने ही परमोच्च घटना होय. लक्ष्मीबाईंपुढे मात्र त्या दिवसापासून निराळेच प्रश्न उभे राहतात: मुलाला घेऊन राहावयाचे कोणाकडे, खावयाचे कोणाच्या हातचे? काही वर्षांनी त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्या, तेव्हाही प्रारंभी त्यांचे पाणी वेगळे आणि चूल वेगळी. याच जिल्ह्यातील राहुरीस १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु वाचकाच्या मनात अधिक ठसतो तो त्यापूर्वीचा क्षण. जातिभेद माणसानेच केलेला आहे असे त्यांना पटले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे असा त्यांनी निश्चय केला. धर्मांतर त्यांनी आधी पाण्याच्या तांब्यापाशी केले. विधी मागाहून आला. या क्रमात मोठी वैचारिक प्रामाणिकता आहे. सिद्धान्तचर्चेने भरलेल्या कितीतरी धर्मांतरकथांत ती आढळत नाही.

तुलनेसाठी रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ (१९१०) घ्याव्यात. तेथेही संसार आहे, रुसवे आहेत, सासरच्या बायकांचा जाच आहे. पण लेखिका पतीकडे मान वर करून पाहते, आणि दिवसाचे महत्त्व माधवरावांच्या कार्यावरून ठरते. लक्ष्मीबाई पतीकडे समोरासमोर पाहतात. टिळकांचे औदार्य त्यांनी लपविलेले नाही, आणि त्या औदार्यानंतर घरात काय उरले तेही लपविलेले नाही. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणारा कवी समाजाला वंदनीय वाटतो. महिना कसा काढावा याची विवंचना त्याच्या पत्नीला असते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, कटुता न येऊ देता सांगता येणे ही असामान्य सिद्धी आहे. (विनोद येथे अलंकार म्हणून येत नाही, हिशेब चुकता करण्याचे साधन म्हणून येतो.)

या रीतीला मर्यादाही आहेत. टिळकांच्या अंतःकरणातील आध्यात्मिक झगडा वाचकाला बव्हंशी बाहेरूनच दिसतो. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा सलग वृत्तान्त येथे शोधू जाणाऱ्या अभ्यासकाची निराशा होईल. कालानुक्रमासाठी तर इतर साधने हाताशी ठेवूनच हा ग्रंथ वाचावा लागतो.

याच मानाचा एक लाभ मात्र आमच्या वाङ्मयेतिहासाला झाला आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. ‘बालकवी’ म्हणून त्यांच्यावर पुढे बरेच लिहिले गेले, आणि त्यात निसर्ग, उदासीनता, १९१८ मधील अकाली मृत्यू यांचीच चर्चा अधिक. लक्ष्मीबाईंच्या पानांत तो घरात वावरणारा, जेवणाच्या पंक्तीला बसणारा एक मुलगा आहे.