खिडकीपलीकडचं सारवण

विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही कादंबरी आमच्या वाचनगटाने घेतली, तेव्हा पहिला वाद खिडकीवरूनच झाला. हिंदीची अडचण कोणाला नव्हती. शुक्ल मूळचे राजनांदगावचे, आणि आम्हा गोंदियाकडच्यांना राजनांदगाव नागपूरपेक्षा जवळ. या पुस्तकाला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. शुक्ल स्वतः रायपूरच्या कृषी विद्यापीठात शिकवायचे. शेतकी शिकवणाऱ्या माणसाने असं पुस्तक लिहावं, याचं मला उगाच बरं वाटलं.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. रघुवर प्रसाद लहान गावातल्या महाविद्यालयात गणित शिकवतो. भाड्याची एकच खोली, आणि नवी बायको सोनसी. कॉलेजला जायला टेम्पो, तो नेहमी भरलेला. एक दिवस एक साधू त्याला हत्तीवर बसवून नेतो. आणि खोलीच्या भिंतीत एक खिडकी आहे. तिच्यातून उडी मारली की सारवलेली वाट, नदी, तळं, चहा देणारी एक म्हातारी. घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेलात तर यातलं काहीच सापडत नाही.

कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, हे गरिबाला गोड गोळी देणं झालं. नोकरी धड नाही, खोली एक, अन् वरून नदी दाखवायची.’’ त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. गरिबीला चांदण्या लावणारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती वाचून मलाही चीड येते.

पण या पुस्तकात हत्ती आहे, तो मुलगा विसरला. चमत्काराचा हत्ती असता तर त्याने पाठीवर बसवलं असतं अन् विषय संपला असता. इथं साधू हत्ती मास्तरच्या दारात सोडून निघून जातो. मग हत्तीला खायला काय घालायचं, ही काळजी सुरू. दावणीला जनावर असलेल्या माणसाला ही काळजी समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या चाऱ्याची चिंता करावी लागते, ते स्वप्न नव्हे. शुक्ल अद्भुत गोष्टही खर्चासकट लिहितात, म्हणून मी खिडकीवरही विश्वास ठेवला.

खिडकीचा अर्थ मात्र आमच्यातल्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितला. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘‘एका खोलीत नवीन लग्न झालेले दोघं. त्यात सासू-सासरे मुक्कामाले आले. त्यायनं बोलावं कुठं? हसावं कुठं? खिडकी नसती तर लेखकाले बनवावीच लागली असती.’’ खोलीत थोडा वेळ कोणीच बोललं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला. आमच्यातल्या निम्म्या लोकांचे संसार एका खोलीत, मधे लुगडं बांधून सुरू झालेले. समीक्षकांनी या पुस्तकाबद्दल जादुई वास्तववाद वगैरे म्हटलेलं आहे. म्हणू द्या. ताईंचं म्हणणं मला त्याहून नेमकं वाटतं. रघुवर-सोनसी खिडकीतून जातात ते सोनं-नाणं आणायला नाही. दोघांना मिळून एकटं राहायला जागा पाहिजे, तेवढ्यासाठी जातात. म्हणूनच विभागाध्यक्षासारख्या वरच्या माणसालाही त्या खिडकीचा हेवा वाटतो.

माझी एक तक्रार आहे, ती मी गटातही मांडली. खिडकीपलीकडे सगळं स्वच्छ, सारवलेलं. सारवतं कोण? शेण आपोआप गोळा होत नाही. हात भरतात, कंबर दुखते. आमच्याकडे पोळ्याआधी घर सारवून काढताना बायकांचा दिवस जातो. रघुवरच्या टेम्पोची, खोलीची, हत्तीची काळजी शुक्ल बारकाईने लिहितात. मग पलीकडच्या कामाचा घाम का दिसू नये? भाषेचंही तसंच. एकच वाक्य थोडं फिरवून पुन्हा येतं. सुरुवातीला ते गोड लागतं, मधल्या भागात मी चार-पाच पानं भराभर उलटली.

सारवणावर ताई मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमच्या सपनातलं अंगण सारवलेलंच राह्यते. तिथंही आम्हीच सारवावं का?’’

यावर गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. पण पुस्तक परत मागून घरी आणलं आहे, खिडकीपलीकडची पानं पुन्हा वाचतो आहे.