आत्मस्थ हास्य आणि चिमणराव

हसण्याचे फायदे सांगणाऱ्यांची आज वाण नाही. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया ह्यांनी हास्यक्लब सुरू केला, आणि पुढे गावोगावच्या बागांतून भल्या सकाळी हात उंचावून विनाकारण हसणारी मंडळी दिसू लागली. त्या व्यायामाविषयी आमची तक्रार नाही. पण तो लाभ शरीराचा झाला. रोजच्या व्यवहारात हास्य मनुष्याच्या स्वभावावर कोणता संस्कार करते, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर वैद्यकापेक्षा वाङ्मयात शोधणे अधिक सयुक्तिक होईल. त्या दृष्टीने चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाकडे पुन्हा एकवार पाहावे, असे आम्हांस वाटते.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसवतो ते परस्थ. ह्या संज्ञा किंचित वेगळ्या अर्थाने वापरण्याची मुभा घेऊन आम्ही म्हणू, की ज्या हास्याचा विषय दुसरा असतो ते परस्थ, आणि ज्याचा विषय आपण स्वतः असतो ते आत्मस्थ.

ह्या कसोटीवर आधुनिक मराठी विनोदाचा आरंभ परस्थ हास्याने झाला, हे उघड आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' ह्या संग्रहात सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ह्यांच्या साहाय्याने सणांवर, व्रतवैकल्यांवर आणि रूढींवर उपरोधाचा मारा केलेला आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या 'बाळकरामा'ने त्याला अतिशयोक्तीची आतषबाजी दिली. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ ह्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक प्रबंधात असे प्रतिपादिले आहे, की मनुष्य यंत्रवत वागू लागला म्हणजे समाज त्याला हसून ताळ्यावर आणतो, आणि असे हसताना हृदय क्षणभर बधिर करावे लागते. कोल्हटकरांच्या विनोदाला हे विवेचन बरेचसे लागू पडते. त्या काळाला अशा शस्त्रक्रियेची गरजच होती.

चिमणरावाला मात्र ते अपुरे पडते. 'चिमणरावाचे चऱ्हाट' (१९३३) ह्या पुस्तकातील हा नायक पुण्याचा एक सामान्य कारकून. अंगाने किरकोळ, मनाने भित्रा. पण प्रतिष्ठेची हाव दांडगी. सोबतीला धिप्पाड, सरळ मनाचा गुंड्याभाऊ आणि घरी पत्नी काऊ. आपल्या फजितीच्या कथा तो स्वतःच सांगतो, आणि त्याही अत्यंत गंभीरपणे. आपण हास्यास्पद होत आहोत ह्याची त्या निवेदकाला जाणीव नसते, वाचकाला असते. जोशी ह्यांच्या कलेचे मर्म आमच्या मते इथेच आहे. आरंभी वाचक चिमणरावाला हसतो. पाचदहा पाने उलटल्यावर, हीच बढाई आपण मारली होती, हाच भित्रेपणा आपणही लपविला होता, हे त्याच्या ध्यानात येते. हास्य परस्थ म्हणून सुरू होते आणि नकळत आत्मस्थ होते. इथे हृदय बधिर करावे लागत नाही. ते जागे होते.

हा विनोद लिहिणारा लेखक स्वतः पाली भाषेचा व्यासंगी होता आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग बडोद्यास नोकरीत गेला, ही गोष्ट आमच्यासारख्या परप्रांतस्थ नोकरदारांनी विसरू नये. पुण्याच्या मध्यमवर्गाकडे त्यांनी जिव्हाळ्याने, पण थोड्या अंतरावरून पाहिले. ते अंतर आपल्यालाही लाभलेले आहे. आपण त्याचा उपयोग कसा करतो, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर फारसे समाधानकारक नाही. दिल्ली असो की कोलकाता, चार मराठी कुटुंबे जमली की हास्याचा पहिला विषय बहुधा तिथल्या लोकांचे उच्चार, त्यांचे जेवण आणि त्यांचे रीतिरिवाज हाच असतो. कचेरीत कनिष्ठाच्या मसुद्यातील चुका हा दुसरा. हे परस्थ हास्य स्वस्त आहे, आणि त्यामागे कोल्हटकरांसारखी सुधारणेची तळमळही नाही. त्याने परकेपणा कमी होत नाही. उलट भिंत वीतभर वाढते. याउलट, सेवाज्येष्ठतेच्या यादीतील आपल्या क्रमांकाची चिंता, बदलीच्या हुकमाने उडणारी त्रेधा आणि इथल्या भाषेत बोलताना होणारी आपली स्वतःची फजिती ह्यांकडे जो चिमणरावाच्या चष्म्यातून पाहू शकतो, त्याच्याशी शेजारी लवकर मोकळे होतात. खुर्चीचा ताठा उतरविण्याचे काम कोणत्याही नियमावलीपेक्षा हे हास्य अधिक चांगले करते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. स्वतःच्या क्षुद्रपणाला हसता हसता मनुष्य त्यावर समाधानी तर होणार नाही? हा आक्षेप वाजवी आहे. चिमणरावाच्या जगात कोणी फारसे सुधारत नाही, आणि काऊच्या वाट्याला आलेल्या कष्टांकडे त्या विनोदाची नजर क्वचितच वळते. जिथे अन्याय आहे तिथे कोल्हटकरांची सुरीच हवी. मायेचे हसू तिथे पुरत नाही. परंतु सुरी कुणावर चालवावी हे ठरविण्याचा अधिकार, आमच्या मते, ज्याने तिची धार आधी स्वतःवर पाहिली आहे त्यालाच पोचतो.

पु. ल. देशपांडे ह्यांनी 'असा मी असामी' ह्या पुस्तकात पुन्हा एका कारकुनालाच आपली कथा सांगावयास लावली, हा योगायोग नव्हे. मोठेपणाचा भार ज्याच्यावर नाही, त्यालाच आपला लहानपणा निर्भयपणे दिसतो. ज्यांच्यावर तो भार थोडाफार चढला आहे, त्यांनी चिमणरावाची प्रत आपल्या कपाटात सरकारी नियमपुस्तकांच्या शेजारी ठेवावी, आणि दोहोंपैकी अधिक वेळा ती उघडावी.