थुंकी नव्हे, बेडका

औंढा नागनाथजवळच्या एका शाळेत आम्ही नववीच्या मुलांना विचारले, "क्षयाची शंका असली तर दवाखान्यात काय तपासायला द्यायचे?" वर्गातून एकच उत्तर आले : "थुंकी!" एक मुलगा तर तोंडात लाळ जमवून दाखवायला तयार झाला. मुलाचे काहीच चुकले नव्हते. त्याने शब्दाचा सरळ अर्थ घेतला होता. 'दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्या' असे मराठी फलकांवर वर्षानुवर्षे छापले जाते. आमचा आक्षेप आहे तो या एका शब्दाला.

थुंकी तोंडातली, ती लाळग्रंथींतून येते. बेडका येतो फुप्फुसांतून आणि श्वासनलिकांतून, खोल खोकल्याबरोबर. हिंदी फलक 'बलगम' म्हणतात, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. मराठीत नेमका शब्द असताना आपण तो टाळतो, बहुधा किळस वाटते म्हणून. पण 'थुंकी' तरी कुठे सोज्वळ आहे?

दोहोंतला फरक पेशी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत उघड दिसतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासमार्गाचा दाह कोणत्या प्रकारचा आहे, हे बेडक्यातल्या पेशी मोजून ठरवता येते. नमुना आला की आधी चिमट्याने घट्ट गोळे वेचून लाळेपासून वेगळे करतात. बेडका चिकट असतो, कारण त्यातल्या म्युसिन प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. गोळ्यांचे वजन करून त्यांच्या चौपट डायथायोथ्रायटॉलचे विरल द्रावण घालतात आणि सुमारे १५ मिनिटे हलवतात. बंध तुटतात, अडकलेल्या पेशी सुटतात. मग बारीक जाळीतून गाळून एकूण पेशी मोजायच्या, आणि काचपट्टीवर रंगवून निदान ४०० पेशींची प्रकारवार नोंद करायची. त्यांत इओसिनोफिल ३ टक्क्यांहून अधिक निघाल्या, तर स्टेरॉइडच्या औषधाचा गुण येण्याची शक्यता बरीच असते. नमुना शक्यतो दोन तासांच्या आत हाताळावा लागतो. पेशी फार वेळ टिकत नाहीत.

या मोजणीचा विचका करणारी पेशी शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे. गालाच्या आतून अलगद खरवडून मिथिलीन ब्ल्यूने रंगवतो तीच : पसरट, चपटी, मधोमध लहानसे केंद्रक असलेली. बेडक्याच्या नमुन्यात पाचांत एकाहून अधिक पेशी अशा दिसल्या, की तंत्रज्ञाचा त्या नमुन्यावरचा विश्वास उडतो. उलट वायुकोशांतल्या, धूळ गिळलेल्या भक्षकपेशी दिसल्या तर नमुना खोलवरून आला हे नक्की. (वर्गात गालाच्या पेशीच दाखवाव्यात. बेडका शाळेत आणू नये. त्यात संसर्गाचा धोका आहे.)

क्षयाच्या तपासणीत पेशी मोजत नाहीत, जंतू शोधतात. पण अडचण तीच. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. नुसत्या लाळेत ते कुठून सापडणार? सीबीनॅट, ट्रूनॅट यांना कमी जंतू पुरतात हे खरे, पण डबीत जे आलेच नाही ते यंत्र तरी कसे शोधणार? अहवाल 'निगेटिव्ह' येतो, रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो आणि नातवंडांजवळ बसून खोकत राहतो.

रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नमुना कसा द्यायचा हे ज्या स्त्रियांना आधी समजावून सांगितले, त्यांच्यात १३ टक्के जणींच्या नमुन्यात जंतू दिसले. न सांगितलेल्यांत ८ टक्के. पुरुषांत असा फरक पडला नाही. चारचौघांत जोराने खोकून बेडका काढणे बायकांना अवघड वाटत असणार, असा आमचा तर्क आहे.

"लोकांना थुंकीच कळते," असे एका आरोग्य कर्मचाऱ्याने आम्हांला सुनावले. कळते, म्हणूनच ते थुंकी देतात! औंढ्याजवळ लायगो-इंडियाची ४ किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा उभी राहते आहे. तिथे नको ती कंपने बाहेर ठेवण्यासाठी केवढा खटाटोप! आणि डबीत लाळ येऊ नये म्हणून पत्रकावर बहुधा एक ओळही नसते. पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोनतीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा. एवढे छापायला कितीशी जागा लागते?

तास संपताना त्याच मुलाने विचारले, "पण सर, बेडका पडतच नसला तर?" त्यावरही उपाय आहे. दवाखान्यात देखरेखीखाली तीव्र मिठाच्या पाण्याचा फवारा श्वासातून देतात आणि बेडका सुटायला मदत करतात. या प्रश्नापर्यंत तो पोचला, ते शब्द बदलल्यावर.