जिल्ह्याचा अंदाज, घाटाचा पाऊस

राधानगरीच्या कोणत्याही शाळेत जुलै महिन्यात एक प्रयोग करून पाहता येईल. मुलांनी रोज सकाळी वहीत एकच वाक्य लिहायचे, 'आज पाऊस पडेल', आणि दुसऱ्या दिवशी त्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. महिनाअखेरीस मुलांना शंभरपैकी शंभरच्या आसपास गुण मिळतील. मग या मुलांना हवामानतज्ज्ञ म्हणायचे का?

प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्याला इतिहास आहे. १८८४ साली अमेरिकेत फिनले नावाच्या अधिकाऱ्याने चक्रीवादळांपैकी 'टोर्नेडो' या प्रकाराचे अंदाज वर्तवले आणि त्यांतले ९६.६ टक्के बरोबर आल्याचे जाहीर केले. एकूण २,८०३ अंदाजांपैकी २,७०८ जुळले होते. गिल्बर्ट यांनी हा हिशोब तपासला. 'टोर्नेडो होणार नाही' असे रोज डोळे मिटून सांगितले असते, तर ९८.२ टक्के अंदाज बरोबर आले असते! प्रत्यक्षात झालेल्या ५१ टोर्नेडोंपैकी फिनले यांनी २८ ओळखले होते, आणि १०० वेळा दिलेल्या इशाऱ्यांपैकी ७२ फुकट गेले होते. तेव्हापासून हवामानशास्त्रात एक गोष्ट पक्की झाली. अंदाज किती वेळा जुळला एवढ्यावरून त्याची किंमत ठरत नाही. आपल्याला आधी माहीत नसलेले त्याने काय सांगितले, हे पाहावे लागते.

याच कसोटीवर पावसाळ्यात घाटमाथ्यासाठी रोज येणारा अंदाज घासून पाहू या.

आपण लहानपणापासून आकाशवाणीवर ऐकत आलो आहोत त्या अंदाजात 'मध्य महाराष्ट्र' हा शब्द असे, आजही असतो. या मध्य महाराष्ट्रात नंदुरबार आहे, जळगाव आहे, सोलापूर आहे आणि कोल्हापूरही आहे. पुढे अंदाज जिल्ह्यापर्यंत खाली आला, हे चांगलेच झाले. परंतु कोल्हापूर जिल्हा तरी एक कुठे आहे? गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला जेमतेम पाचशे. ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरमध्ये दहापट फरक! जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखलेली असते. ढग सातबारा वाचत नाहीत.

शिवाय अंदाजातले शब्द पाहा. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यातील 'तुरळक' हा पारिभाषिक शब्द आहे. त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, असा त्याचा अर्थ. 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. तेव्हा एकट्या गगनबावड्यात ७० मिलिमीटर पडले आणि बाकी जिल्ह्यात ऊन पडले, तरी अंदाज खरा ठरतो. जुलैमध्ये गगनबावड्यात ७० मिलिमीटर पडणे ही काही बातमी नव्हे. म्हणजे हे वाक्य खोटे ठरणे जवळजवळ अशक्य, आणि राधानगरीच्या मुख्याध्यापकाला उद्या ओढ्यापलीकडच्या वाडीवरची मुले शाळेत येऊ शकतील की नाही, हे त्यावरून ठरवणेही तितकेच अशक्य. माझी तक्रार आहे ती हीच. अंदाज चुकतो ही नव्हे. त्याला चुकायला जागाच नसते, ही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून तर 'तुरळक ठिकाणी' हे दोन शब्द हमखास गळतात आणि उरतो फक्त 'कोल्हापूरला मुसळधार'.

याचा दोष सगळा भाषेचा नाही. घाटाचा पाऊस खरोखरच अवघड आहे. अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे तळकोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर व त्याच्या लगेच मागे पाणी सांडतात. दाजीपूरच्या जंगलात कोसळणारा पाऊस पूर्वेकडे काही किलोमीटर सरकले की निम्म्यावर येतो. संगणकी प्रारूप मात्र हवेचे चौकोन पाडून हिशोब करते. अगदी अलीकडेपर्यंत आपल्या जागतिक प्रारूपाचा चौकोन १२ किलोमीटरचा होता. एवढ्या चौकोनात घाटाची चढण, माथा आणि पलीकडचे पठार यांची सरासरी होते. प्रारूपातला सह्याद्री बुटका आणि गुळगुळीत होतो. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' वापरात आली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. ही मोठी प्रगती आहे. तरीही फोंडा घाट सहा किलोमीटरच्या पट्टीने मोजणे म्हणजे लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीने पेन्सिल तासणे.

रडारचीही एक अडचण आहे. पणजीच्या रडारपासून राधानगरी साधारण शंभर किलोमीटर दूर. रडारचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाने वर रोखलेला असतो आणि पृथ्वी खाली वळत जाते. त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जवळजवळ दीड किलोमीटर उंचीवरून जातो. घाटाचे पावसाळी ढग पुष्कळदा बुटके असतात आणि त्यांचा बराचसा पाऊस त्या झोताच्या खालीच तयार होतो. उपग्रहाचा अवरक्त कॅमेरा ढगाचा माथा किती थंड यावरून पाऊस ओळखतो. बुटक्या ढगाचा माथा फारसा थंड नसतो, म्हणून त्यालाही चकवा बसतो.

डोंगराच्या अंदाजाची भाषा कशी असावी, याचा बारकाईने विचार झाला आहे तो बर्फाच्या प्रदेशांत, कारण तिथे शब्द चुकला तर माणूस हिमस्खलनात गाडला जातो. आल्प्स पर्वतातील देशांनी १९९३ साली हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची एकच श्रेणी ठरवली. तिथले रोजचे पत्रक नुसता 'धोका तीन' असे सांगत नाही. कोणत्या उंचीच्या वर, कोणत्या दिशेला तोंड असलेल्या उतारावर, हेही सांगते. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळाला जाणाऱ्यांसाठी पाऊस कोणत्या उंचीपर्यंत आणि बर्फ कोणत्या उंचीच्या वर, हा आकडा तर रोजच हवा असतो. गुलमर्गचे गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथला पाळणा चारएक हजार मीटरपर्यंत चढतो. या दोन टोकांना एकच अंदाज देणे हास्यास्पद ठरेल. आपल्याकडेही मनालीला १९६९ साली स्थापन झालेल्या बर्फ व हिमस्खलन अभ्यास संस्थेने (२०२० पासून ती दुसऱ्या संरक्षण संशोधन संस्थेत विलीन झाली आहे) हिमालयात हेच काम केले. उंची आणि उतार ही डोंगराची स्वतःची भाषा आहे. सह्याद्रीत मात्र आपण अजून तालुका आणि जिल्हा बोलतो.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर राधानगरी धरणाचा हिशोब वर्गात करून घ्यावा. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठराविक पातळीला आला की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात; वीज लागत नाही, माणूस लागत नाही, आणि हवामान खात्याचा अंदाजही लागत नाही. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी जाते, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१२ अब्ज घनफूट, ज्याला आपण टीएमसी म्हणतो. आता १०० चौरस किलोमीटर घाटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. ते पाणी भरते एक कोटी घनमीटर, म्हणजे ०.३५ टीएमसी. जुलैअखेर जमीन तुडुंब भिजलेली असताना त्यातले बहुतेक वाहून येते. ते सोडायला तीन दरवाजे दिवसभर उघडे लागतील. आणि 'अतिमुसळधार' हा एकच शब्द ११५.६ पासून २०४.४ मिलिमीटरपर्यंत चालतो! त्याच्या खालच्या आणि वरच्या टोकांत अडीच दरवाजांचा फरक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोकापातळी ओलांडून पन्नाशीच्याही पुढे गेली, तेव्हा खाली प्रयाग चिखली, आंबेवाडीला हा फरक घराच्या भिंतीवर मोजता आला. महसूल खात्याची 'अतिवृष्टी' तर ६५ मिलिमीटरलाच सुरू होते. नुकसानभरपाईच्या हिशोबाला तो आकडा ठीक आहे, पण राधानगरीत तो जुलैचा साधा दिवस असतो. एकच माणूस सकाळी एका कचेरीकडून अतिवृष्टी ऐकतो आणि दुपारी दुसरीकडून अतिमुसळधार. दोन्हींना तो 'पाऊस लई हाय' एवढेच समजतो, आणि यात त्याची चूक नाही.

अलीकडच्या वर्षांत इशाऱ्यांत 'कोल्हापूर घाट' असा वेगळा उल्लेख येऊ लागला आहे. ही सुधारणा मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. रंगांचा अर्थही नीट समजावून घ्यायला हवा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पावसाचे माप सांगत नाही. परिणाम किती गंभीर आणि त्याची शक्यता किती, यांवरून तो ठरतो. पण 'कोल्हापूर घाट' ही एक ओळसुद्धा शाहूवाडीच्या आंबा घाटापासून चंदगडपर्यंत पसरलेली आहे, आणि राधानगरी तिच्या मधोमध.

शाळांना इथे करण्यासारखे एक काम आहे. सरळ भिंतींचे पर्जन्यमापक उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचावे. वेळ महत्त्वाची आहे. हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो, म्हणून ११ तारखेला नोंदलेला पाऊस बराचसा १० तारखेचा असतो. हे ध्यानात न घेता अंदाज ताडून पाहिला की खात्यावर विनाकारण खापर फुटते. वहीत दोन नव्हे, चार रकाने हवेत: १०० मिलिमीटरहून अधिक पावसाचा इशारा होता व पडला, होता पण पडला नाही, नव्हता पण पडला, नव्हता व पडला नाही. फिनले यांची गफलत चौथ्या रकान्यात होती. दाजीपूर, फेजिवडे, धामोड आणि राधानगरी अशा चार ठिकाणच्या वह्या पावसाळ्याअखेर शेजारी ठेवल्या, तर एकाच नारिंगी दिवसाचे चार निरनिराळे आकडे मुलांना दिसतील, आणि दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यात गावागणिक किती खुणा पडल्या तेही.