गाडगेबाबा आणि नरकाचा प्रश्न

मंडळी, आजचा प्रश्न आपण अमरावतीतूनच उचलू. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले; त्यांची समाधी याच शहरात आहे. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नव्हता. मग कडक ख्रिस्ती सिद्धांताप्रमाणे ते कुठे गेले? उत्तर येते: अनंतकाळच्या नरकात.

हे हसण्यावारी नेऊ नका. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस म्हणतो, ईश्वर अनंत, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा अपराधही अनंत. बरं, ज्याने ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्याचे काय? वऱ्हाडात मिशन येण्याआधी कितीतरी पिढ्या मातीत गेल्या. अक्वायनस प्रामाणिक आहे. अशांचा अविश्वास हे पाप नव्हे, असे तो मान्य करतो. पण इतर पापे उरतात, आणि श्रद्धेवाचून त्यांची क्षमा नाही. थोडक्यात, रोगी औषध न घेतल्याच्या शिक्षेने मरत नाही, रोगाने मरतो. युक्तिवाद बिनतोड वाटतो. आमचा आक्षेप एवढाच: इथे वैद्य सर्वशक्तिमान आहे. औषध गावात पोचलेच नाही, याचा जाब मग रोग्याला कसा विचारायचा?

आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उघडा. शेवटच्या न्यायाच्या त्या चित्रात विचारणा होते ती भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र दिले का, याची. कोणते मत मानत होता, हे तिथे विचारलेच जात नाही. शेजारी बाबांची दशसूत्री ठेवा. यादी जवळजवळ तीच! गंमत म्हणजे उजवीकडच्यांना आपण प्रभूची सेवा केली हे ठाऊकही नसते.

पण त्याच अध्यायात सार्वकालिक शिक्षाही आहे, ती आपण लपवू नये. म्हणजे नरक रद्द होत नाही. तिथे कोण जाणार ते बदलते. धोका नास्तिकाला कमी, आणि दारचा भुकेला परत पाठवणाऱ्या भाविकाला जास्त.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले, की स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ज्यांना कळला नाही, पण जे सद्‌बुद्धीने ईश्वर शोधतात, तेही तरू शकतात. सगळे पंथ हे मानत नाहीत.

आणि आपणही फार ऐटीत राहू नये. काही जीव कायमचे अंधारातच जायचे, असे आपल्याकडे मध्वाचार्यांनीही सांगितले आहे. तेव्हा प्रश्न एका धर्माचा नाही. ज्याला माणूसही अन्यायी म्हणेल, ते देवाने केले की न्याय कसे ठरते? कोणत्याही धर्माला हे विचारता आले पाहिजे, आपल्याला आधी.